‘मग निवडणूक लढवणार कोण, वॉचमन?’

पत्र जरा लांबलचक होतं. कामापुरतं तेवढं ठेवून छापते आहे.

‘ताई, आमची डोंबिवलीतली सोसायटी लहान, ४८ फ्लॅट्सची. दुसरं कोणी तयार होत नाही म्हणून तीन वर्षं मीच सेक्रेटरी आहे. कमिटीची निवडणूक जवळ आली, थकबाकी बरीच आहे, म्हणून बोर्डावर इंग्रजीत नोटीस लावली: “मेंबर्स, हू हॅव नॉट पेड देअर मेंटेनन्स ड्यूज, आर नॉट एलिजिबल टू कंटेस्ट द कमिटी इलेक्शन.” सर्वसाधारण सभेत तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर उठले आणि म्हणाले, “सेक्रेटरींनी सगळ्या ४८ सभासदांना थकबाकीदार ठरवलं आहे. कोणीच उभं राहू शकत नाही. मग निवडणूक लढवणार कोण, वॉचमन?” सभा हसली. मी म्हटलं, सर, कॉमाच आहेत, काढून टाकू. ते म्हणाले, “कॉमाच तर आहेत!” मला शाळेत शिकवलं होतं की जिथे श्वास घेतो तिथे स्वल्पविराम द्यायचा. मी तसाच दिला. चुकलं कुठे?

‘दुसरं म्हणजे, मला दोन मुली. धाकटी टोरांटोला असते, तिच्याकडे जायचं आहे. व्हिसाच्या अर्जासोबतचं पत्र एजंटने लिहून दिलं: “माय डॉटर, हू लिव्ज इन टोरांटो, हॅज इन्व्हाइटेड मी.” थोरली ठाण्याला असते. तिने वाचलं आणि म्हणाली, “बाबा, मग मी कोण?” ती थट्टेत म्हणाली, पण कॉमांमुळेच म्हणाली. आता मला प्रत्येक कॉमाची धास्ती बसली आहे. — एक त्रासलेला सेक्रेटरी’

सेक्रेटरीसाहेब,

आधी वाईट बातमी देते. हेडमास्तर बरोबर आहेत. तुमची थोरलीही बरोबर आहे. चांगली बातमी अशी, की दोघांनी एकाच चुकीवर बोट ठेवलं आहे, आणि ती चूक मराठी माणसाकडून व्हावी अशीच आहे. बिनडोकपणाने झालेली नाही, आपल्या भाषेच्या सवयीने झाली आहे.

तुम्हाला श्वासाचा नियम ज्यांनी शिकवला त्यांना मी दोष देणार नाही. नावच तसं आहे ना! स्वल्प विराम, म्हणजे थोडं थांबा. आपल्या मोडी कागदांत विरामचिन्हं सोडाच, दोन शब्दांमध्ये जागाही नसायची. ओळ आखायची आणि अक्षरं तिला लटकवत जायचं. एकोणिसाव्या शतकात मेजर कँडींसारख्या माणसांनी इंग्रजीतली चिन्हं मराठीत आणून रुळवली, आणि तेव्हा त्यांना जी नावं मिळाली ती सगळी थांबण्याची होती: स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम. पण ‘कॉमा’ हा मूळचा ग्रीक शब्द, आणि त्याचा अर्थ थांबा असा नाही. त्याचा अर्थ कापलेला तुकडा. तुमच्या नोटिशीत नेमकं हेच झालं. तुम्ही श्वास घेतलात, आणि वाचणाऱ्याला वाक्य कापलेलं दिसलं.

कापलं म्हणजे काय ते बघा. इंग्रजीत दोन कॉमांच्या मध्ये जे उपवाक्य ठेवतात, त्याचा अर्थ असा होतो: हा तुकडा उचलून बाजूला ठेवला तरी वाक्याचं म्हणणं बदलत नाही. हे जाता जाता सांगितलेलं आहे. आता तुमच्या नोटिशीतला तुकडा उचला. उरतं काय? ‘मेंबर्स आर नॉट एलिजिबल टू कंटेस्ट द कमिटी इलेक्शन.’ सभासद उभे राहू शकत नाहीत. कोणते सभासद? सगळे. आणि उचललेल्या तुकड्यात काय आहे? त्यांनी मेंटेनन्स भरलेला नाही. कोणी? त्याच सगळ्यांनी. महिन्याच्या पाच तारखेच्या आत चेक देणाऱ्या पहिल्या मजल्यावरच्या आजीसुद्धा त्यात आल्या.

कॉमा काढा. ‘मेंबर्स हू हॅव नॉट पेड देअर मेंटेनन्स ड्यूज आर नॉट एलिजिबल.’ आता ते उपवाक्य ‘मेंबर्स’ला चिकटलं आणि त्याने निवड केली. सगळ्या सभासदांतून न भरलेले तेवढे वेगळे काढले. वाक्य लांब आहे, वाचताना दम लागतो, तरी मध्ये कॉमा नको. दम लागला तर लागू दे.

इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं या दोन प्रकारांना डिफायनिंग आणि नॉन-डिफायनिंग म्हणतात, अमेरिकेत रिस्ट्रिक्टिव्ह आणि नॉन-रिस्ट्रिक्टिव्ह. ही नावं पाठ करून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. मी स्वतःशी त्यांना ‘ओळख पटवणारं’ आणि ‘वाढीव’ म्हणते.

आता आपली सवय कुठे आडवी येते ते सांगते, कारण मला वाटतं खरी गोम इथेच आहे. हीच नोटीस मराठीत लिहून बघा. ‘ज्या सभासदांनी मेंटेनन्स भरलेला नाही, ते निवडणुकीला उभे राहू शकत नाहीत.’ दिसलं का? आपण ‘नाही’नंतर स्वल्पविराम दिला, आणि तो बरोबर आहे. मराठीत निवड करण्याचं काम ‘जो’ आणि ‘तो’ ही जोडगोळी करते, स्वल्पविराम त्या दोघांमधला नुसता सांधा असतो. तो काढला तरी अर्थ ढळत नाही. म्हणजे जिथे ओळख पटवायची असते, तिथेच मराठी हात स्वल्पविराम टाकतो. आणि इंग्रजीत नेमका तिथेच तो चालत नाही. तुम्ही मनात मराठी वाक्य जुळवलंत, बोटांनी इंग्रजी लिहिलं, आणि स्वल्पविराम मराठीतून तसाच उतरला.

दुसरा सापळा ‘-णारा’चा. ‘शंभर आंतरराष्ट्रीय शतकं करणारा फलंदाज’ म्हटलं की ‘करणारा’ने निवड केली, फलंदाज पुष्कळ, पण हा तो. ‘शंभर आंतरराष्ट्रीय शतकं करणारा सचिन तेंडुलकर’ म्हटलं की निवड करायला काही उरलंच नाही. नावानेच ओळख पटली, शतकं वाढीव. मराठीत दोन्हीकडे तेच ‘करणारा’, तीच जागा, चिन्ह कसलंच नाही. ऐकणारा संदर्भाने समजून घेतो. इंग्रजी हे काम संदर्भावर सोडत नाही. पहिल्याला कॉमा नाही, दुसऱ्याला दोन. म्हणून भाषांतर करणारा मराठी माणूस इथे हमखास अडखळतो, मग तो कितीही शिकलेला असो.

जाता जाता एक कुरकुर. हल्ली मराठी बातम्यांत ‘सचिन तेंडुलकर, ज्यांनी शंभर शतकं केली आहेत, ते आज मुंबईत होते’ असली वाक्यं येतात. ही इंग्रजीची रचना मराठीने अंगावर घेतलेली आहे आणि ती कुठेही बसत नाही. ‘शंभर शतकं करणारे तेंडुलकर आज मुंबईत होते’ एवढं पुरतं. असो. तुमचं पत्र इंग्रजीच्या कॉमाबद्दल आहे.

मग ओळखायचं कसं? पुस्तकातली कसोटी मी वर सांगितलीच, तुकडा उचलून बघायचा. पण ऐन वेळी ती सुचत नाही. मी गेली कित्येक वर्षं एक घरगुती कसोटी वापरते, ‘बरं का’ची. उपवाक्याच्या शेवटी मनात ‘बरं का’ घालून वाक्य मराठीत बोलून बघा. ‘आमची लिफ्ट, गेल्याच महिन्यात दुरुस्त केली बरं का, परत बंद पडली आहे.’ जमलं? जमलं. लिफ्ट एकच आहे, दुरुस्तीची गोष्ट वाढीव. तर इंग्रजीत दोन कॉमा: ‘द लिफ्ट, विच वॉज रिपेअर्ड लास्ट मंथ, इज आउट ऑफ ऑर्डर अगेन.’ आता समजा ए विंगला एक आणि बी विंगला एक अशा दोन लिफ्ट आहेत, आणि दुरुस्त केलेली तेवढीच बंद पडली. तेव्हा तुम्ही ‘बरं का’ म्हणणार नाही. म्हणाल, ‘जी लिफ्ट गेल्या महिन्यात दुरुस्त केली ना, तीच बंद पडली.’ तोंडात आपोआप ‘जी-ती’ आली. ‘जी-ती’ आली की कॉमा नाही: ‘द लिफ्ट दॅट वॉज रिपेअर्ड लास्ट मंथ इज आउट ऑफ ऑर्डर अगेन.’

तुमच्या नोटिशीवर हे लावा. ‘आमच्या सभासदांनी पैसे भरलेले नाहीत बरं का.’ छे, असं तुम्हाला म्हणायचंच नव्हतं. ‘ज्यांनी भरले नाहीत ते’ असंच म्हणायचं होतं.

आणि कॉमा द्यायचे तर दोन्ही द्या. ‘द लिफ्ट, विच वॉज रिपेअर्ड लास्ट मंथ इज आउट ऑफ ऑर्डर’ असं एका कॉमाचं लिखाण सोसायट्यांच्या बोर्डावर नेहमी दिसतं. देवळाबाहेर एकच चप्पल सापडावी तशी त्याची गत. उपवाक्य वाक्याच्या शेवटी आलं तर मात्र दुसरा कॉमा पूर्णविरामात जिरतो, तिथे शोधत बसू नका.

तुमच्यासारखी फजिती माझीही झाली आहे, फक्त उलटी. तुम्ही कॉमा घातलेत, मी काढले. तेव्हा मी एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे. एका कारखान्याचा वार्षिक अहवाल आला होता, आर्ट पेपरवर, रंगीत. अध्यक्षांच्या निवेदनात वाक्य होतं: ‘आय थँक अवर वर्कर्स, हू टॉइल्ड थ्रू अ डिफिकल्ट इयर.’ मला तो कॉमा उगाच वाटला. ओळ एका अक्षराने खाली सांडत होती, आणि कॉमा काढला की बसत होती. मी काढला. छापून झालं. आठवड्याने कामगार प्रतिनिधी अहवाल घेऊन हजर. त्यांचं म्हणणं अगदी साधं होतं: आधी अध्यक्ष सगळ्या कामगारांचे आभार मानत होते आणि सगळे राबले असं सांगत होते. आता ते फक्त राबलेल्यांचे आभार मानतायत. म्हणजे न राबलेलेही आहेत, ते कोण, त्यांची यादी द्या. मालकांनी मला बोलावलं. मी मुद्रित काढून दाखवलं, माझ्याच लाल शाईची खूण होती. शुद्धिपत्र छापून प्रत्येक प्रतीत चिकटवलं गेलं, आणि ते चिकटवायला मी स्वतः बसले होते, डिंकाची बाटली घेऊन. तेव्हापासून ‘हू’ दिसला की माझा हात थबकतो.

‘हू’च म्हणते आहे, ‘विच’ नाही, त्याला कारण आहे. वस्तूंच्या बाबतीत इंग्रजीला दोन शब्दांचा आधार आहे. ‘दॅट’ आलं की उपवाक्य ओळख पटवणारं, तिथे कॉमा नको. ‘विच’ बहुधा वाढीवासाठी. ही वाटणी पक्की करावी असं फाउलर यांनी १९२६ साली इंग्रजी वापरावरच्या आपल्या कोशात सुचवलं, पण बहुतेक लेखक, आणि चांगले लेखकसुद्धा, असं करत नाहीत हेही त्यांनी तिथेच कबूल करून टाकलं. प्रामाणिक माणूस. अमेरिकेतल्या संपादकांनी ती सूचना नियम म्हणून उचलली. ब्रिटिशांनी फारशी मनावर घेतली नाही. आपल्या सरकारी कागदांचं इंग्रजी ब्रिटिश वळणाचं, त्यामुळे तिथे कॉमाशिवाय ‘विच’ सर्रास दिसतं आणि ते चूक नाही. कॉम्प्युटर त्याच्याखाली रेघ ओढतो, ओढू दे. ‘दॅट’च्या आधी मात्र असा कॉमा देऊ नका, ते दोन्हीकडे खटकतं. पण माणसांसाठी ‘हू’ हा एकच शब्द दोन्ही कामं करतो. राबलेले कामगार आणि न भरणारे सभासद, दोघांनाही ‘हू’. तिथे फरक दाखवायला कॉमाशिवाय कोणी नाही. म्हणून माणसांबद्दल लिहिताना डोळ्यांत तेल घालायचं.

हेडमास्तर म्हणाले ना, ‘कॉमाच तर आहेत’? त्यांना कॅनडातली एक गोष्ट सांगा, खूश होतील. तुम्हीही कंत्राटांवर सह्या करता, लिफ्टच्या देखभालीचं, वॉचमन एजन्सीचं, म्हणून जरा सविस्तर सांगते. रॉजर्स ही केबल कंपनी आणि एलिअंट ही टेलिफोन कंपनी यांच्यात २००२ मध्ये करार झाला. न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या खांबांवरून रॉजर्सने आपल्या तारा न्यायच्या आणि खांबामागे भाडं द्यायचं. मुदतीचं कलम मराठीत साधारण असं: करार पाच वर्षं चालेल, आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांनी पुढे चालू राहील, एक वर्षाची लेखी नोटीस देऊन कोणी तो संपवला नाही तर. रॉजर्सची समजूत अशी की नोटीस द्यायची सोय पहिल्या पाच वर्षांनंतरची आहे, तोवर आपण निर्धास्त. एलिअंटने मुदत भरायच्या आधीच नोटीस दिली, कारण तिला भाडं वाढवायचं होतं. इंग्रजी मसुद्यात ‘पुढे चालू राहील’ या तुकड्याच्या आधी एक कॉमा होता, आणि नंतर, ‘अनलेस’च्या आधी, आणखी एक. दोन कॉमा! म्हणजे मधला तुकडा उचलता येतो. उचला. उरतं: करार पाच वर्षं चालेल, नोटीस देऊन संपवला नाही तर. म्हणजे नोटीस पहिल्या पाच वर्षांतही देता येते. २००६ मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने विरामचिन्हांच्या नियमावर बोट ठेवून एलिअंटच्या बाजूने कौल दिला. वर्तमानपत्रांनी त्याला दहा लाख डॉलरचा कॉमा म्हटलं. रॉजर्सने मग फ्रेंच मसुदा पुढे आणला, कॅनडात दोन्ही भाषा अधिकृत आहेत. फ्रेंचमध्ये अर्थाचा घोळ नव्हता, आणि २००७ मध्ये निर्णय फिरला. रॉजर्स वाचली, पण इंग्रजीमुळे नाही.

आपल्याकडे ‘ध चा मा’ झाला असं म्हणतात. १७७३ मध्ये नारायणरावांच्या बाबतीत ‘धरावे’चं ‘मारावे’ खरंच कोणी केलं की नाही यावर इतिहासकार वाद घालोत, पण तिथे निदान अक्षर तरी बदललं होतं. लंडनमध्ये १९१६ साली रॉजर केसमेंट या आयरिश माणसावर राजद्रोहाचा खटला चालला. कायदा १३५१ चा, नॉर्मन फ्रेंचमधला, साधारण असा: राज्यात राजाच्या शत्रूंना मिळणं, त्यांना राज्यात मदत देणं, किंवा इतरत्र, हा राजद्रोह. केसमेंटने जे केलं ते जर्मनीत केलं होतं, आणि बचावाचा मुद्दा असा की कायद्यातले ‘किंवा इतरत्र’ हे शब्द राजाच्या शत्रूंना मिळण्याला लागू नाहीत. ते शत्रूला मदत देण्याबद्दलच्या मधल्या तुकड्यापुरतेच आहेत. तो तुकडा वाढीव आहे असं धरलं तर ‘किंवा इतरत्र’ मागे जाऊन मुख्य गुन्ह्याला चिकटतं, आणि माणूस फासावर जातो. न्यायाधीशांनी जाऊन मूळ चर्मपत्र पाहिलं आणि बचावाचा मुद्दा फेटाळला. ऑगस्टमध्ये फाशी झाली. ‘कॉमावर फाशी गेला’ असं त्याच्याबद्दल अजून म्हणतात.

हे ऐकून तुमची धास्ती वाढली असेल तर एक सोपी पळवाट देते. कायदे लिहिणाऱ्यांनी ती फार पूर्वी शोधली आहे. भारतीय दंड संहितेतली गुन्ह्यांची बहुतेक कलमं ‘हूएव्हर’ने सुरू व्हायची, ‘हूएव्हर कमिट्स मर्डर’ वगैरे. २०२४ मध्ये न्याय संहिता आली, तिच्यातही तो शब्द टिकून आहे. मराठीत त्याला ‘जो कोणी’ म्हणतात, म्हणजे परत आपलं ‘जो-तो’च. ‘हूएव्हर’ किंवा ‘एनी मेंबर हू’ म्हणून सुरुवात केली की वाढीव माहितीला शिरायला फटच राहत नाही. ‘कोणताही सभासद’ म्हटल्यावर कोणता ते सांगावंच लागतं. ‘एव्हरी’, ‘ऑल दोज’ यांचंही तसंच. या शब्दांमागून येणाऱ्या ‘हू’ला कॉमा नाही, डोळे मिटून. तर तुमची नोटीस अशी करा:

‘एनी मेंबर हू हॅज नॉट पेड द मेंटेनन्स ड्यूज इज नॉट एलिजिबल टू कंटेस्ट द कमिटी इलेक्शन.’

शिवाय खाली मराठीतही लिहा. ४८ बिऱ्हाडांत मराठी वाचणारेच जास्त असणार, आणि ‘ज्या सभासदांनी’वर हेडमास्तरांना काही करता येणार नाही.

बाकी कॉमांची धास्ती घेऊ नका. ‘माय वाइफ सुनंदा’ असं कॉमाशिवाय लिहिलं की दुसरी बायको आहे असा अर्थ निघतो, हा विनोद इंग्रजीचे मास्तर पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. नियमाने बघता नाव वाढीव आहे, कॉमा हवेत. पण इतक्या जवळच्या नात्यात आणि एकेका शब्दाच्या नावात चांगले लिहिणारेही ते गाळतात, आणि कोणाचा संसार मोडत नाही. विशेषनामानंतरच्या उपवाक्याला मात्र द्या: ‘शनिवारवाडा, विच वॉज कम्प्लीटेड इन १७३२’. शनिवारवाडा एकच, ओळख पटवायची गरज नाही. याला एक गोड अपवाद आहे. ‘द पुणे दॅट आय न्यू’ म्हणताना कॉमा नाही. कारण तिथे पुणी अनेक आहेत, आणि मला ठाऊक असलेलं त्यातलं एक, जे आता सापडत नाही.

आणि एक जागा अशी आहे जिथे मराठीही तुम्हाला वाचवणार नाही. ‘तो ड्यूटीवर झोपला म्हणून आम्ही वॉचमन बदलला नाही.’ याचा अर्थ काय? झोपला हे कारण नव्हतं, दुसऱ्याच कारणाने बदलला? की तो झोपतो म्हणूनच त्याला ठेवला? इंग्रजीत ‘वी डिड नॉट चेंज द वॉचमन बिकॉज ही स्लेप्ट ऑन ड्यूटी’ यातही तीच गोची. ‘बिकॉज’च्या आधी कॉमा दिला तर दुसरा अर्थ पक्का होतो, म्हणजे झोपणाऱ्याला झोपेबद्दलच ठेवून घेतला. सभेच्या इतिवृत्तात असं वाक्य आलं तर कॉमाशी खेळू नका. वाक्य मोडून दोन करा.

राहिली तुमची थोरली.

‘माय डॉटर, हू लिव्ज इन टोरांटो, हॅज इन्व्हाइटेड मी.’ मधला तुकडा उचला. ‘माय डॉटर हॅज इन्व्हाइटेड मी.’ म्हणजे तुम्हाला मुलगी एकच, आणि ती टोरांटोला असते ही वाढीव माहिती. ठाण्याची वाक्यातून गेली. तिने विचारलं ते व्याकरणाने अगदी चोख विचारलं. कॉमा काढले तर? ‘माय डॉटर हू लिव्ज इन टोरांटो हॅज इन्व्हाइटेड मी.’ माझी जी मुलगी टोरांटोला असते तिने बोलावलं आहे. म्हणजे आणखीही मुलगी आहे, जी टोरांटोला नसते. हे खरं आहे, आणि अर्जात कुटुंबाची माहिती देताना दोघींची नावं लिहाल त्याच्याशी जुळतंही.

पण तुम्ही पत्रात एक शब्द लिहिला आहे, जो एजंटने गाळला. ‘धाकटी’. तो घाला आणि काय होतं बघा. ‘माय यंगर डॉटर’ म्हटलं की दोघींतली कोणती ते तिथेच ठरलं. टोरांटो आता ओळख पटवत नाही, वाढीव झालं, ‘माझी धाकटी, टोरांटोला असते बरं का’ असं. म्हणजे एजंटचे कॉमा आता बरोबर ठरले. त्याने फक्त आधीचा शब्द खाल्ला होता. पत्र असं पाठवा:

‘माय यंगर डॉटर, हू लिव्ज इन टोरांटो, हॅज इन्व्हाइटेड मी टू स्टे विथ हर.’

आणि पाठवण्याआधी ठाण्याला एकदा वाचून दाखवा.